मामाचं खेचर

वेस्काची आघाडी
१२ नोव्हेंबर १९३६

प्रिय ओरोसियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ईश्वरकृपेने खुशाल, असं लिहायची हाताला सवय आहे. पण देवाला आपण जुलैतल्या क्रांतीतच रजा दिली, तेव्हा नुसताच खुशाल आहे. समोरच्या टेकडीवर बंडखोर जनरलांची फौज, इकडे आम्ही. थंडी दोघांनाही सारखीच वाजते. तू विणलेले मोजे आलटून पालटून सगळे घालतो, त्यामुळे त्यांचा रंग आता विचारू नकोस.

आम्हा अराजकवाद्यांत कुणी साहेब नाही की कुणी सलाम ठोकत नाही. परवा हल्ला करावा की नाही यावर मतं घेतली. वाद इतका रंगला की धुकं विरून गेलं, आणि धुक्याशिवाय हल्ला कसला करता! मग सगळ्यांनी बसून मसूर खाल्ले. हसू नकोस.

जमीनदार पळाला, त्याची नि आपली शेतं एक झाली, आणि सामायिक शेतीची चिटणीस तू झालीस, हे वाचून ऊर भरून आला. पण सिप्रियानोमामा अजून सामायिक शेतीबाहेर, एकांडाच? आम्ही इथे मरायचं आणि म्हाताऱ्यानं खेचर कवटाळून बसायचं? ठराव करा आणि खेचर काढून घ्या. लढाईत असले लाड चालत नाहीत. मामा जन्माचा कंजूस, समजावून काही उपयोग नाही.

माया आहे ती वाढू दे.
तुझा,
वालेरो

वाल्देसेरा
२९ नोव्हेंबर १९३६

चि. वालेरो यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं. लेखणीलाही नाही, हे आता साऱ्या गावाला कळलं. अरे शहाण्या, आघाडीवरचं प्रत्येक पत्र रविवारच्या सभेत मोठ्यानं वाचायचं, हा ठराव तूच मांडून गेलास ना? विसरलास? शाळेच्या बाईंनी टपाल फोडलं ते थेट चर्चच्या वेदीपाशी उभं राहून वाचायलाच घेतलं. आणि मागच्या बाकावर मामा बसला होता.

तो सभासद नाही, त्याला मत नाही. पण रविवारी त्या चर्चमध्ये यायची त्याची जन्माची सवय. आता तिथे गव्हाची पोती आहेत, तरी तो येतो, कुरकुरतो आणि शेवटपर्यंत बसतो. कंजूस हा शब्द आला तशा बाई अडखळल्या. मामा उठला, टोपी चढवली, बाईंना म्हणाला की थांबू नका, वाचता छान तुम्ही. आणि निघून गेला.

तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच ब्लास उभा राहिला. आघाडीवरचा माणूस सांगतोय तर खेचर आजच आणू, म्हणाला. हात भराभर वर जायला लागले. तरी मी उठून बोलले. म्हटलं, जमीनदाराचे शिपाई आले की आपली जनावरं सोडून न्यायचे. तेच आपणही करणार असू तर शिपायांनी काय घोडं मारलं होतं? मतं मोजली तेव्हा थोडक्यात वाचलो.

मला तुझा राग आला आणि रडूही आलं. आईच्या आजारपणात याच खेचरावर बसवून मामानं तिला डॉक्टरकडे नेलं होतं. गेल्या रविवारी त्याचा बाक रिकामा होता. तुझं कसं निस्तरायचं ते तूच बघ.

रागावले तरी बहीणच आहे.
ओरोसिया

वेस्काची आघाडी
१८ एप्रिल १९३७

प्रिय ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके महिने शरमेनं लिहिलं नाही. आता लिहितो ते सभेतच वाच, आणि मामाला बोलावून आण.

सरकारनं आमच्या तुकड्यांचं रीतसर सैन्य केलं. हुद्दे घ्या, सलाम करा, नाहीतर बंदुका मिळणार नाहीत. आम्ही रडत-भांडत मतं घेतली. काही घरी गेले, मी राहिलो. समोरची टेकडी आहे तिथेच आहे, मग जाऊ कुठे? पहिल्याच दिवशी इस्त्रीच्या कॉलरच्या एका पोरसवदा अधिकाऱ्यानं मला सलाम करायला लावला. हात वर गेला, पण माझ्या मर्जीनं नव्हे. तेव्हा तुम्ही आठवलात, मामा.

खेचर तुमचं आहे. तुम्ही आमच्यात यावं असं मला अजूनही वाटतं, त्यावरून भांडेनही. पण आलात तर आपल्या पायांनी या. कंजूस म्हणालो ते खोटं होतं. माफ करा.

ताई, तूही राग सोड.
वालेरो

वाल्देसेरा
२४ ऑक्टोबर १९३७

चि. वालेरोस सिप्रियानोमामाचे आशीर्वाद. देव तुला सांभाळो. देव नको असेल तर ही ओळ सोडून वाच.

ऑगस्टात फौज आली. समोरच्या टेकडीवरची नव्हे, आपल्याच सरकारची; अराजकवाद्यांची शेती त्यांना खुपत होती. सामायिक शेती मोडली, चर्चला कुलूप घातलं, ओरोसियाला आणि शाळेच्या बाईंना तुरुंगात नेलं. मी भाकर घेऊन जातो. पोरगी बरी आहे, पहारेकऱ्यांना झाडू नीट मारायला शिकवते.

मला अधिकाऱ्यानं मानानं बोलावलं, खुर्ची दिली, वाइन दिली. म्हणाला, मी एकांडा, मला यांनी छळलं असणारच. माझं खेचर ओरोसियानं जबरदस्तीनं नेलं असं लिहून दिलं, तर कालव्याकाठचा तुकडा माझा. मी म्हटलं, खेचर बाहेर खांबाला बांधलंय, त्यालाच विचारा कुणी नेलं ते. न्या म्हणणारा एक गाढव होता, तो आघाडीवर आहे. आणि नेऊ न देणारी तुमच्या कोठडीत आहे.

वाइन तशीच ठेवून उठलो. बाहेर आलो तर शिपाई खेचर सोडत होते. फौजेला हवंय, म्हणाले. मत कुणी घेतलं नाही.

माझी सही नाही म्हणून ओरोसियावरचा आरोप लंगडा झालाय, असं वकील म्हणतो. सुटेल असं मला वाटतं. खेचराची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

पेरणी आली होती आणि जमीन पडून. गेल्या रविवारी उरलीसुरली माणसं विहिरीपाशी जमली. ब्लासनं विचारलं की आत गेलेल्यांची शेतं कोण पेरणार. मी सभासद नाही, मला मत नाही. पण हात वर केला. कुणी हटकलं नाही. आता नांगर आम्हीच ओढतो. ब्लास खेचराहून आळशी आहे.

आता दर रविवारी विहिरीपाशी बसतो. आघाडीवरची पत्रं मोठ्यानं वाचायची पद्धत आम्ही मोडलेली नाही. बाई तुरुंगात, तेव्हा तुझं पत्र मलाच वाचावं लागणार. जरा जपून लिही.

तुझा,
मामा