कडेची माणसं

नेकनूर,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. सुरज यास,

बबिताताईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. थंडीने आईचा गुडघा थोडा धरलाय, पण ती हिंडून-फिरून आहे. तूर बरी आलीय. अण्णाही बरे आहेत.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असं म्हणशील. फोनवर तू ‘ताई, शूटवर आहे’ म्हणून मोकळा होतोस. शिवाय आपल्या फोटो स्टुडिओत पडद्यामागे बोललेलं पुढे ऐकू जातं, आणि हे अण्णांच्या कानावर जायला नको. शेजारची मनिषा उद्या पुण्याला निघालीय, तिच्या हाती देतेय.

परवा तुझा तो व्हिडिओ पाहिला. ‘बाबांच्या जुन्या लेन्सला नवा जन्म.’ अण्णांचे बाबा कधी झाले रे? त्यात तू त्यांची रशियन लेन्स खोलतोस, पुढची काच काढतोस आणि मुद्दाम उलटी करून बसवतोस. मग ते नवरा-नवरी मधे ठळक आणि कडेची झाडं विरघळून गरगर फिरल्यासारखी. खाली लोकांनी बदामांचा पाऊस पाडलाय. छान. पण लेन्स परत देताना ती काच सरळ करायची राहिली, हे तुला एकदाही आठवलं नाही?

गणपतीत नेताना म्हणाला होतास, आतली बुरशी साफ करून आणतो. दसऱ्याला आणलीस, अण्णांच्या हातात ठेवलीस, ‘एकदम नवी झालीय’ म्हणालास आणि जेवून निघून गेलास. अण्णा आल्यागेल्याला ती दाखवत होते. सुरजने केलं, सुरजने केलं.

तुझं केलेलं मी विसरले नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांनी कॅमेरा खाली ठेवलाच होता. मिररलेस कॅमेरा तूच आणलास, त्यावर जुनी लेन्स बसावी म्हणून अडॅप्टरची रिंग तूच आणलीस. स्क्रीनवर चेहरा मोठा करायचा आणि हाताने लेन्सची कडी फिरवत फोकस लावायचा, हे त्यांच्याजवळ बसून तूच शिकवलंस. त्या दिवशी अण्णा कितीतरी महिन्यांनी हसले होते. म्हणूनच जास्त संताप येतो. तूच दिलेलं तूच काढून घेतलंस, आणि तुझ्या गावीही नाही.

दिवाळीनंतर रामहरीची टोळी ऊसतोडीला निघाली. अण्णांची रीत तुला माहीत आहे: जाणारे मधे, घरी राहणारे कडेला. तो फोटो टोळीबरोबर जातो, तिकडे पाचटाच्या कोपीत टांगतात. मोबाईल असला तरी त्याला चार्जिंग कुठून आणणार? अण्णा नेहमी सांगतात, “जानारे तर एकमेकाला रोजच बघतेत. फोटो राहनाऱ्यांचा काढायचा असतोय.” तसाच काढला. रामहरी आणि त्याची बायको मधे, एका कडेला त्याची आई केशरबाई, दुसऱ्या कडेला शाळेसाठी मागे ठेवलेली त्यांची लेक आरोही. ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. अण्णांनी मधला चेहरा मोठा करून फोकस लावला, प्रिंट काढली, पाकिटात घालून दिली. घाईत कुणी नीट पाहिली नाही.

मग कारखान्यावरून रामहरीचा फोन आला. रागावला नव्हता बिचारा. एवढंच म्हणाला, “अण्णा, मी आन् बायको लई भारी आलोत. पर आरोहीचं तोंड कुठंय वो?”

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन बसले.

मी कॅमेऱ्याबरोबर आलेली नवी लेन्स लावून बघितली. भिंत कडेपर्यंत स्वच्छ आली. धावत जाऊन अण्णांना सांगितलं की खोट लेन्समध्ये आहे, तुमच्यात नाही. ते मान हलवत राहिले. म्हणाले, “लेन्स सुरजनं सोता साफ केलीय. त्यो चुकायचा न्हाई. माझेच डोळे गेलेत.” बीडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून नजर उत्तम असल्याचं सांगितलं. येताना बसमध्ये अण्णा म्हणाले, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून डॉक्टर असंच बोलतात.

वर अण्णा बरे आहेत असं लिहिलं, ते खोटं आहे. ते स्टुडिओत बसतच नाहीत. शाळा सुटायच्या वेळी ओट्यावर असले तर उठून आत जातात, कारण आरोही समोरून जाते. युसूफ वडगाव गावातल्या राधाकिशन मुकादमाची टोळी उशिरा, येत्या रविवारी निघतेय. त्यांनी फोटोसाठी बोलावलं, तर अण्णांनी मोबाईलवर काढून घ्या म्हणून निरोप धाडला. अण्णांनी! मोबाईलवर!

काच सरळ करणं मलाही येतं. पण मी गुपचूप केली तर डोळ्यांच्या धास्तीने ते कॅमेऱ्याला हात लावणारच नाहीत, आणि तुझं नाव घेतलं तर माझ्यावरच उखडतील. तू चुकलास हे मानण्यापेक्षा त्यांना आपले डोळे गेलेले परवडतात. एवढा भरवसा तुझ्यावर, आणि तू त्यांच्या हातात काय ठेवून गेलास? मला रागाने झोप लागत नाही.

तेव्हा शनिवारी यायचं. काम आहे, बुकिंग आहे, काही सांगायचं नाही. मांजरसुंब्याला उतर, मी स्कूटी घेऊन येते. अण्णांच्या पुढ्यात बस, लेन्स खोल, काच सरळ कर आणि ती मीच उलटी बसवली होती हे आपल्या तोंडाने सांग. रविवारी त्यांना वडगावला तूच घेऊन जायचंस. कॅमेरा त्यांच्या गळ्यात राहील. तू बॅग धरायची.

सोबत रामहरीच्या फोटोची दुसरी प्रत ठेवलीय. तिकडे कोपीत तो फोटो बापड्याच्या डोळ्यांपुढे रोज असतो. तूही एकदा नीट बघ, आणि त्यातली आरोही कोणती ते मला शनिवारी सांग.

वरचा आशीर्वाद रिवाजापुरता आहे. खरा घ्यायला घरी ये.

अण्णांच्या डोळ्यांची साक्ष देणारी,
बबिताताई