मागच्या अंगणाची लेव्हल

प्रिय मंदा,

उद्या सकाळी रफिकभाई मिस्त्री विचारणार आहे, मागच्या अंगणात फरशी टाकायची की माती ठेवायची. हा प्रश्न तुझा होता. तू गेलीस, तो माझ्याकडं आला, अन् मला उत्तर येत नाही. म्हणून लिहितोय.

घराचं काम बरंचसं उरकलंय. नकाशा माझाच. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण इंजिनिअरनं एक रेघ बदलली नाही, नुसती सही केली! तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं का गावभर सांगून?" हो, झालं.

स्वयंपाकघराचा ओटा तुझ्या कोपराच्या मापानं केला, आपलं ठरलं होतं तसा. ओट्यापुढची खिडकीही खाली घेतली, तुला बाग दिसावी म्हणून. आता सूनबाई त्या ओट्यावर वाकून भाजी चिरते. मधेमधे पाठ चोळते. कुणासाठी बांधलं गं मी हे?

बागेचाही आराखडा काढला. तुझं अंगण कसलं वाकडंतिकडं! मोरीपाशी उंचवटा, मधेच खळगे, कढीपत्त्याला वळसा घालून खुरप्यानं ओढलेला तो पाट. मी म्हणायचो, "एकदा सरळ करून देतो." तू म्हणायचीस, "हात लावू नका हं, तुम्हाला त्यातलं कळत नाही." मला कळत नाही? फार लागायचं ते.

तर सरळ केलं. दोरी लावली, लेव्हलच्या नळीत पाणी भरून चारी कोपरे मिळवले. रफिकभाई म्हणाला, "भाऊ, इत्ती लेव्हल तो हम हॉलमें बी नई देते!" केवढा फुगलो मी!

आणि मोरीचं पाणी मोरीपाशीच थांबलं, मंदा. भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी त्या वाकड्या उतारावरून टोकाच्या मोगऱ्यापर्यंत जात होतं. आता भिंतीशी डबकं अन् पुढं नुसत्या भेगा. हर्सूलच्या या कोपऱ्यात नळाला कधी पाणी येतं, ते तुला काय सांगायचं? मी टाइलच्या सांध्यांमागे लागलेलो. लक्ष गेलं तेव्हा मोगऱ्याची काडी मोडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. तुझ्या माहेरचा मोगरा, कन्नडहून एसटीत मांडीवर आणलेला! तिथं आता कोण उरलंय, ज्याच्याकडं दुसरी फांदी मागू?

"हात लावू नका" म्हणालीस. का, ते एकदा तरी सांगायचंस! तुला वाटलं असेल, रोज डोळ्यांसमोर तर आहे, एवढा हुशार माणूस, दिसत असेल त्याला.

काल नितीन म्हणाला, "बाबा, टाका फरशी. प्यायला टँकर लागतोय, अन् झाडाला कुठून घालता? गाडी तरी उभी राहील." मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "बघू बघू करत लई दिवस झाले." आपल्याच पोराला काय सांगावं?

रोज ग्राफपेपर घेऊन बसतो. वाफे आखलेत, त्यात नावं लिहिता येत नाहीत. अबोलीला दुपारचं ऊन चालतं का? गवती चहा कोणत्या भिंतीशी होता? मोबाइलवर सगळ्या झाडांची माहिती आहे. आपल्या अंगणात कोण कुठं खूश होतं, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

बाग होईल असं मला वाटत नाही. तुला खोटं कशाला लिहू? हात आहेत, हत्यारं आहेत, पण पहाटे उठून बघावं असं काही लावायचं मनच नाही.

पण एक शब्द देतो. मी आहे तोवर त्या मातीवर फरशी पडू देणार नाही. काही उगवो, न उगवो. नितीननं विचारलं, "रिकामी जागा कशाला अडवून ठेवलीत?" तर सांगेन, "रिकामी नाही, तुझ्या आईची आहे."

तुझाच,
दत्ता