ढग कुठल्या बाजूने येतात

श्री

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
५ सप्टेंबर २००४

ती. बाबांस,
इराचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंत तर रागावणार नाही. मला पहिलं काम मिळालं, अगदी माझं एकटीचं. इथल्या एका तमिळ वाहिनीवर नोव्हेंबरात, ऐन पावसाच्या दिवसांत, हवामानाचा नवा कार्यक्रम सुरू होतोय. त्याची सुरुवातीची काही सेकंदं, म्हणजे नकाशा, त्यावर चालून येणारे ढग, फिरत येऊन बसणारी अक्षरं, सगळं मी करायचं.

मी नक्की काय करते हे तुम्ही दर पत्रात विचारता. चित्रांना चालायला शिकवते असं शेजारी सांगा. एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. ढग एकाच वेगाने सरकवला तर मालगाडीचा डबा वाटतो. निघताना जरा रेंगाळला, मध्ये धावला आणि थांबता थांबता दमला, की मग कुठे ढग दिसतो. एवढं कळायला माझा आठवडा गेला.

आमचे स्टुडिओचे मालक वेंकटरमण सर म्हणाले, वाहिनीला काम आवडलं तर मला कायम करतील. आपला करार विसरलेले नाही. दिवाळीपर्यंत कायम झाले नाही तर हा उद्योग सोडून पेरुंगुडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत परत जायचं. आत्याच्या संजीवदादाने तिथली माझी खुर्ची अजून धरून ठेवली आहे.

घरमालक नारायणस्वामीमामा आणि भवानीमामी मला घरच्यासारखं वागवतात. दोघं तंजावरकडचे मराठी. मामींचं मराठी बखरीतलं आणि त्याला तमिळ फोडणी. निम्मं कळतं, निम्मं डांगर पच्चडीबरोबर, म्हणजे त्यांच्या दह्यातल्या डांगराबरोबर, गिळते.

सोबत चित्रांचे कागद पाठवते आहे. भूगोलाच्या मास्तरांनी तपासून द्यावेत. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची सोयीपुरती आज्ञाधारक,
इरा

*

मालवण
१५ सप्टेंबर २००४

चि. इरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कागद पोचले. निवृत्त झाल्यापासून लाल शाई वाळून चालली होती, ती तू कारणी लावलीस. श्रीलंका रामेश्वरला चिकटवली आहेस, ती जरा लांब सरकव; मधल्या समुद्राला जागा दे. ढगांची रांग मात्र पश्चिमेकडून झोकात येते, ती आवडली. दहापैकी आठ गुण. दोन श्रीलंकेचे गेले.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटते. बालवाडीत तू फुकट ढग काढायचीस, मग मध्ये इंजिनिअरिंग कशाला केलंस हे कोणी विचारलं तर काय सांगायचं? हौस म्हणून ठीक आहे. पण दिवाळी म्हणजे दिवाळी. तुझी आई म्हणते, पोरगी ढगांत आहे तोवर ठीक, जमिनीवर कधी उतरते ते विचारा. खाण्यापिण्याची हेळसांड करू नये.

तुझा,
बाबा

*

तिरुवल्लिकेणी
२७ ऑक्टोबर २००४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. रविवारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. पश्चिमेला आभाळ लख्ख, म्हणून निवांत होते, आणि पाऊस पाठीमागून आला. मरीनाच्या बाजूने, समुद्रावरून. कपड्यांसकट नखशिखान्त भिजले. मामी खालून ओरडून विचारत होत्या, की ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऐन इथल्या पावसाळ्यात, केरळाकडे तोंड करून कोणाची वाट बघतेस.

तिथेच ध्यानात आलं. बाबा, माझे सगळे ढग अरबी समुद्रावरून येतात. आपल्या मालवणात पाऊस पश्चिमेचा, म्हणून माझ्या हाताने तो तिकडूनच काढला. सप्टेंबरपर्यंत इथलेही संध्याकाळचे ढग तिकडूनच यायचे, त्यामुळे मला संशयही आला नाही. आणि कार्यक्रम नोव्हेंबरातल्या पावसाचा, जो येतो पूर्वेकडून. तुम्ही त्याला आठ गुण दिलेत. स्टुडिओत कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण उजेड नको म्हणून आमच्या खिडक्यांना काळा कागद लावलाय.

मंगळवारी काम दाखवायचं होतं. आधी वाटलं, गप्प बसावं. मग चोरून चित्र डावं-उजवं उलटं करून पाहिलं, तर नकाशाही उलटला आणि श्रीलंका केरळाच्या पायथ्याशी गेली. नुसते ढग उलटवले तर त्यांच्या सावल्या चुकीच्या अंगाला पडल्या. शिवाय इथला पाऊस रांगेत येतच नाही. उपसागरात गोल फिरतो, येतो, झोडपतो, जातो आणि पुन्हा वळतो. म्हणजे नुसती बाजू नाही, चालच चुकली होती.

सोमवारी सरांना सांगितलं. ते मैलापूरचे, जन्म इथला, त्यामुळे आधी स्वतःलाच हसले. मग हसू थांबलं. वाहिनीकडून त्यांनी पाच नोव्हेंबरपर्यंत मुदत मागून घेतली, पण त्या दिवशी पसंत पडलं नाही तर काम दुसऱ्या स्टुडिओला जाणार. म्हणजे मीही गेले.

आता नवी युक्ती ऐका. मामी मामांच्या वेष्टींसाठी, म्हणजे पांढऱ्या लुंगीवजा धोतरांसाठी, बादलीत नीळ टाकत होत्या. थेंब पाण्यात उतरला, वळला आणि फुलत गेला. मी बघतच राहिले. स्टुडिओतून कॅमेरा आणला, माशांची काचेची पेटी आणली आणि तिच्यात थेंबामागून थेंब सोडते आहे. संगणकावर रंग काढून गडदाचं फिकट केलं की निळ्याचं पांढरं होतं, वेग कमी केला की वादळ तयार. पहिले प्रयोग बादलीतच केले, त्यामुळे मामांच्या वेष्टी आभाळी झाल्या आहेत. ते त्याच नेसून पार्थसारथीच्या देवळात जातात.

स्पष्टच सांगते, मला भीती वाटते. मला पेरुंगुडीला परत जायचं नाही. आशीर्वाद द्या.

तुमची,
इरा

*

तिरुवल्लिकेणी
८ नोव्हेंबर २००४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही, त्या अर्थी रागावलात. तरी बातमी तुम्हालाच आधी सांगते. काम पसंत पडलं.

वाहिनीचे चंद्रमौळी म्हणून अधिकारी आहेत, त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. चेहरा असा, की पसंत आहे की पित्त झालंय ते कळेना. शेवटी म्हणाले, वादळ बरोबर बाजूने आलंय आणि बरोबर फिरतंय. घड्याळाच्या उलट फिरायला हवं हे तुमच्याच धड्यातलं. पेटीत मी चमच्याने तसंच ढवळत होते. अक्षरं तेवढी जरा उशिरा बसवायला सांगितली, म्हणजे पाऊस आधी आणि बातमी मागून.

सरांनी त्याच संध्याकाळी कायम केलं. मामींनी गोड केलं. मी मामांना नव्या वेष्टी आणून दिल्या, तर त्यांनी त्या कपाटात ठेवल्या आणि निळ्याच नेसतात.

दिवाळीला मात्र येता येणार नाही, कार्यक्रम सुरू होतोय. आणि आता संजीवदादाला फोन करून खुर्ची सोडते असं सांगणार आहे. करार मी पाळला, पण एवढ्यावरून तुमचं मन वळलंय असं मी धरून चालत नाही. कळवावं. आईला नमस्कार.

तुमची,
इरा

*

मालवण
१५ नोव्हेंबर २००४

चि. इरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं, पेढे वाटले. शेजारी काय म्हणून सांगायचं ते अजून नीट जमत नाही, पण वाटले. मी रागावलो नव्हतो, शरमलो होतो. ईशान्येचे वारे जन्मभर मुलांना शिकवले, न येणाऱ्यांना बाकावर उभं केलं आणि पोटच्या पोरीचे ढग पश्चिमेकडून आले तर आठ गुण देऊन मोकळा झालो. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. ते आठही परत घेतले आहेत. नव्या ढगांची सीडी पाठव, मग बघू.

संजीवला फोन करू नकोस. तुझं निळीचं पत्र आलं त्याच दिवशी, म्हणजे अजून तुझं काही ठरलं नव्हतं तेव्हा, मीच त्याला फोन केला आणि खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन टाक म्हटलं. तो चपापला. इराचं काम नापसंत झालं तर काय करेल, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या स्टुडिओत जाऊन पुन्हा ढग काढेल. तुझी आई शेजारीच उभी होती. मला वाटलं, आता भांडेल. ती फक्त म्हणाली, हे पोरीला आत्ता कळवू नका, निकाल लागू दे, मग कळवा.

आम्हा दोघांचा तुझ्यावर आहे त्याहून अधिक लोभ कसा करायचा ते आम्हाला ठाऊक नाही. आहे तो गोड मानून घे.

तुझा,
बाबा