पड टाकलेली वरकस

प्रिय देवराम,

तुझं नाव लिहिताना हसू आलं बघ. एवढ्या संसारात मी तुला नावाने कधी हाक मारली? 'रेखाच्या बा' नाहीतर नुसतंच 'ऐकलंस का'. पण 'रेखाच्या बा' लिहिलं तर हे पत्र रेखाचं होईल, आणि हे माझं आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस. सातवीनंतर अंगणवाडीच्या हजेरीपलीकडे मी कुठे काय लिहिलंय?

आज लिहायचं कारण असं, की सकाळी मोजणीवाले येऊन गेले. हो, आपल्याच पाड्यावर! ज्या फेरमोजणीसाठी तू कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यास, ती तू गेल्यावर लागली. ते मोजून गेले, पाडा कामावर गेला आणि मी ओट्यावर येऊन बसले. इतकी मोठी गोष्ट झाली आणि घरात सांगायला माणूस नाही. कोंबड्यांना सांगून पाहिलं. त्या दाणे मागायला लागल्या.

पहिली मोजणी आठवते ना? साहेबांच्या हातात ते छोटं यंत्र होतं. ज्याचा प्लॉट त्याने हद्दीवरून चालायचं, मागोमाग यंत्रात नकाशा उमटणार. वनहक्क समितीचा सचिव तू, साहेबांशी बोलणारा तू, म्हणून पहिला तू चाललास. नवा सदरा घातला होतास त्या दिवशी! आणि केलंस काय? खालच्या भाताच्या खाचरांना फेरी मारलीस आणि येऊन उभा राहिलास. साहेबांनी स्वतःहून विचारलं, "वरचा उतार कोणाचा?" तू म्हणालास, "ती वरकस पड टाकलीय साहेब. यंदा तिच्यात काय पेरलं नाय. ती आमची कशी म्हनू?"

अरे, कशी म्हनू काय? आमची म्हन, झालं!

वरकस उताराची हलकी जमीन, दोन-तीन वर्षं नागली-वरी देते, मग दमते. मग तिला तितकीच वर्षं सोडून द्यायची. तुझ्या बापाने तुला हेच शिकवलं होतं ना? सोडली तरी ती कोणाची हे सगळ्या पाड्याला ठाऊक. दुसऱ्याने तिथे कधी कोयता लावला नाही. पण साहेबाला ते कुठून ठाऊक असणार? आपल्यात पेरलेल्या वर्षीच जमिनीला 'माझी' म्हणायचं. कागदाचं तसं नाही. त्या दिवशी जे बाहेर राहिलं ते बाहेरच राहिलं. आणि तुझ्यामागून जो तो चालला, त्या प्रत्येकाने आपापली पड टाकलेली वरकस बाहेरच ठेवली. खोटं बोलायला नको म्हणून!

पट्टे आले त्या दिवशी तारपा वाजला, आठवतं? सगळे नाचलो. मग रेखाने कागद वाचून दाखवला आणि कळलं, की वरचे सगळे उतार गेले. त्यानंतर आपण फेराप्रमाणे वर पेरायला गेलो की जंगलखात्याचे गार्ड येऊन रोपं उपटायचे. तरी पेरत राहिलो. आणि आता तर वरून नवा रस्ता जायचाय. त्याच्या नकाशात आपले उतार 'रिकामे' दाखवलेत.

ग्रामसभेत चंदरकाका उठून म्हणाला, "देवरामान सगल्या पाड्याचा गला कापला." पाड्यातला सगळ्यात थोर माणूस तो, त्याच्यापुढे कोण बोलणार? तूही बोलला नाहीस. मला त्याचाच राग येतो. घरी माझ्यावर ओरडायला तुझा आवाज चांगला खणखणीत होता, तिथे का बसला? मग तू समिती सोडलीस आणि राजोडीच्या रिसॉर्टवर माळीकामाला लागलास. दिवसभर दुसऱ्याच्या गवताला पाणी घालायचं आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचं. तुला डॉक्टरने छातीचं दुखणं सांगितलं. मला ते आधीपासून माहीत होतं, फक्त मी त्याला दुसरं नाव दिलं असतं.

तू गेलास तेव्हा माणसं आली. मयताला यायला कोणी चुकत नाही आपल्यात. पण तुझे दिवस झाले आणि ओटा ओस पडला. पाण्यावर बायका भेटतात, बोलतात. माझी कळशी आली की बोलणं आटोपतं. इतकं का टोचतं रे हे? कोणी शिवी दिली असती तर मी दोन उलट दिल्या असत्या.

रेखाने तुळिंजला नेलं होतं मला. "आये, कशाला एकटी राहते तिकडे? इथे नळ आहे, लिफ्ट आहे. ते जमीनबिमीनचं टेन्शन सोड ना आता." पोरगी मायेने बोलते. पण ती नि जावई सकाळी कामावर गेले की दार लावून बसायचं, समोर दुसऱ्याची खिडकी, तिलाही पडदा. थोडे दिवस काढले आणि कोंबड्यांचं निमित्त सांगून परत आले. एकटंच राहायचं तर निदान आपल्या ओट्यावर राहीन.

तर आजची मोजणी. या खेपेला तुझ्या जागी मी चालले. खाचरांवरून वर, करवंदीच्या जाळीला वळसा घालून, किंजळाच्या झाडापर्यंत. यंत्र घेऊन आलेली मुलगी आपल्या रेखाएवढीच. दमली बिचारी. म्हणाली, "मावशी, इथे तर सगळी झुडपं आहेत. वरून काढलेल्या फोटोतही झुडपंच दिसतात. शेती कुठेय?"

मी म्हटलं, पड टाकलीय. ती म्हणाली, "साक्षीला कोणी म्हातारं माणूस आहे का? त्यांचा जबाब चालतो." मी मागे पाहिलं. बायामाणसं हाताची घडी घालून उभी. कोणी पुढे होईना.

आणि मग काठी टेकत चंदरकाका चढून आला. मला वाटलं, आता आणखी काय ऐकायचंय!

तो त्या मुलीला म्हणाला, "लिव बाय. ही देवरामाची वरकस. त्याच्या बापान हितं नागली पेरली, ती मी खाल्ली. ती पलीकडची माजी. दमली का आमी तिला सोडतो, मंग परत पेरतो." मुलगी लिहीत होती. त्याने काठीने तिच्या कागदाकडे दाखवलं आणि म्हणाला, "आनि ह्ये पन लिव. तवा देवराम पुढं व्हता, पन पाय आमचेच व्हते. त्याला कोनी खोटं बोल म्हनलं नाय. आमी पन बोललो नाय."

मुलगी म्हणाली, "आजोबा, हे जबाबात नाही बसत."

"नाय बसत तर नाय बसू दे," तो म्हणाला. "यमुनेन ऐकलं."

मी ऐकलं, देवराम. पण मी ऐकून काय उपयोग? हे तुझ्या कानांवर पडायला हवं होतं. थोडं थांबला असतास तर काय बिघडलं असतं? रडायचं नाही असं ठरवून वर गेले होते. किंजळाच्या आड जाऊन रडले.

आता पुढचं ऐक. येत्या आठवड्यात सुनावणी आहे. दाव्याचे कागद करून देणारी संघटनेची बाई आपल्या भल्यासाठीच सांगते, की त्याआधी वरकस साफ करा, पालापाचोळा जाळून राब भाजा, पेरणीची तयारी दिसू दे, फोटो काढून लावू. रिकामं दिसलं तर दावा पडेल. पाड्यातली तरणी पोरं कोयते परजून बसलीत. मी चंदरकाकाला विचारलं. तो म्हणाला, "वरकसीची अजून पाली नाय आली. पन या वक्ताला पुढं तू हाईस. तू म्हनशील तसं." घे! तुझ्याच जागी नेऊन उभं केलं मला.

दुपारभर विचार केला. दमल्या जमिनीत नागली आत्ता पेरली तर कोंब येतील, दाणा भरणार नाही, आणि पुढचा फेरही वाया जाईल. ती जमीन मिळवायची ती खायला, की फोटोला? तू वरकस सोडलीस ते बरोबर होतं. ती आपली म्हणाला नाहीस, चुकलं ते तेवढंच.

म्हणून तुला शब्द देते. यंदा वर कोणी कोयता लावणार नाही. उद्याच पोरांना तसं सांगेन. चिडतील, चिडू देत. सुनावणीला साहेब विचारतील, "पेरत नाही तर जमीन तुमची कशी?" तेव्हा मी तुझ्यासारखी खाली बघणार नाही. सांगेन, साहेब, दुसऱ्याची असती तर ओरबाडून घेतली असती. आमची आहे, म्हणून तिला दम खाऊ देतो. आवाज कापला तर कापू दे. आणि दावा पडलाच, तर या खेपेला पाडा मला बोलेल. बोलू दे. तू एकट्याने सोसलंस, मीही सोसेन, पण त्या दिवशी तिथून गप्प परत येणार नाही.

तुझीच,
यमुना