बाबांच्या हाताला बसेल असा चाकू

रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी जेवताना बाबांच्या डाव्या अंगठ्याला चाकू लागला. तीन टाके. काल संध्याकाळी मीच त्या चाकूला धार लावली होती, त्यामुळे जखम अगदी स्वच्छ आहे. हे डॉक्टरांनीही मान्य केलं.

जोझेटताईने लगेच संधी साधली. म्हणाली, बाबा शहाऐंशी वर्षांचे झाले, हात थरथरतात, चाकू काढून घ्या. शिवाय खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली आहे, पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. तोवर टेबलावर ठेवतात तशी साधी सुरी द्या म्हणे. मी विचारलं, आपल्या घरात जेवणाच्या टेबलावर कधी कुणी सुरी मांडली आहे का? बाकी फ्रान्समध्ये काहीही असो, आमच्या ओब्राकच्या पठारावर ज्याचा त्याचा चाकू ज्याच्या त्याच्या खिशात. बाबांनी आपला उघडला की जेवण सुरू, बाबांनी मिटला की उठायचं. ज्याच्याकडे स्वतःचा चाकू नाही, तो एक तर मूल नाही तर पाहुणा.

दोष हाताचा नाही, चाकूचा आहे. चाळीस वर्षं घासून घासून पातं काडीएवढं उरलंय, स्प्रिंग ढिली. तीन आठवड्यांत बाबांसाठी योग्य चाकू निवडणार. चाकू मिळाला की वृद्धाश्रमाचा प्रश्नच उरत नाही. संकल्प लाल शाईत लिहिला आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कामाला सुरुवात. मी कुठल्या तांत्रिक शाळेत शिकलो नाही. दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायला पुस्तकं वाचून शिकलो आणि आज या पठारावरच्या साठ गोठ्यांत माझ्याशिवाय पान हलत नाही. चाकूही तसाच शिकेन.

अटी: मूठ बारा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आत, एका हाताने उघडायला हवा, उघडल्यावर पातं लॉक व्हायला हवं. घरातले अकरा चाकू तपासले. स्प्रिंगकाटा लावून प्रत्येकाचं पातं उघडायला किती जोर लागतो ते मोजलं. तक्ता केला. सगळे नापास. माझाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

देलरियूच्या चाकूच्या दुकानात पावणेदोन तास. तो म्हणाला, वडिलांनाच घेऊन या, हात बघितल्याशिवाय मी चाकू विकत नाही. गरज नाही म्हणालो. मोजमाप हा माझाच विषय आहे.

दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत असताना टेप लावून तळहात मोजला. जागे झाले. शवपेटीचं माप घेतोयस का, म्हणाले. म्हटलं, चाकूचं. मग ठीक आहे म्हणून परत झोपले.

तळहात आठ पूर्णांक सहा सेंटिमीटर. थरथर मोजायचं साधन माझ्याकडे नाही. ती तक्त्यात धरलेली नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

माझ्या बायकोने, ओडीलने, बाबांचं मटण स्वयंपाकघरातच बारीक कापून आणलं. मला हे अजिबात पटलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळू नये? ज्या माणसाने स्वतः डुकरं कापली, त्याच्यापुढे लहान मुलासारखं ताट? मी ते ताट परत पाठवलं आणि अख्खा तुकडा वाढला.  तत्त्व म्हणजे तत्त्व.

बाबांनी सूप घेतलं, पाव घेतला. मटण तसंच राहिलं. या वयात भूक कमी होते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पोस्टाने मल्टीटूल आलं. अठरा हत्यारं: पक्कड, कानस, कात्री, करवत, डबे उघडायचं पातं, आणखी बरंच. बाबांना जड होईल (दोनशे चाळीस ग्रॅम), पण तुलनेसाठी हवंच होतं. सध्या मीच पट्ट्याला लावून फिरतो.

ओडीलची पाठ धरली आहे. आठवडाभर सकाळी वाकूनच चालते. तिला सांगितलं, बसायची पद्धत चुकते तुझी. मल्टीटूलने तिची स्वयंपाकघरातली खुर्ची दुरुस्त करून दिली. एक स्क्रू उरला. खुर्ची बनवणाऱ्यानेच जास्तीचा घातला असणार.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

निवड झाली. स्टेनलेसचं पातं, मुठीला रबर, पात्याला मोठं भोक. अंगठा घातला की झटक्यात उघडतो आणि लॉक होतो. पुन्हा देलरियूकडे. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला की हा नाव वल्हवणाऱ्यांचा चाकू आहे. असेना.

गोठ्यांच्या फेऱ्या रद्द करून दोनशे वेळा उघडमीट केली. सरासरी एक सेकंदाच्या आत. पँटचा खिसा फाटला, मांडीवर किरकोळ ओरखडा. रविवारी सगळ्यांसमोर देणार. जोझेटताई तिच्या नवऱ्याला, रेजीसला घेऊन येते आहे. साक्षीदार असलेले बरे.

रविवार, १७ नोव्हेंबर, दुपारी ४

जे घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर कुणी तिखटमीठ लावू नये.

सॉसेज आणि चीज घोटलेला बटाटा. बाबांचा जुना चाकू उघडा. अंगठ्याला पट्टी असल्यामुळे सॉसेज ताटात इकडून तिकडे पळत होतं. हीच वेळ योग्य वाटली. मी उभा राहिलो, नवा चाकू काढला, लॉकचं तत्त्व थोडक्यात (सात मिनिटं) समजावून सांगितलं. एका झटक्यात उघडून दाखवला. मग सुरक्षितपणे कसा मिटायचा तेही दाखवलं.

खटका मोठा वाजला.

रेजीसने सवयीने आपला चाकू मिटला. जोझेटताईने मिटला. ओडील ताटं उचलायला अर्धी उठली आणि मग तिच्या लक्षात आलं. बाबा अजून जेवत होते. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा आपल्या. जुना चाकू पँटवर पुसला, मिटला, खिशात घातला.

"बरं," म्हणाले, "आता तू मिटणार म्हणायचं."

आणि खोलीत गेले. जेवणाअखेरचं चीज यायचं बाकी होतं.

जोझेटताई म्हणाली, बाबांच्या टेबलावर बाबांच्या आधी चाकू मिटलास, आता आणखी काय करायचं ठेवलंयस? मी म्हटलं, हे प्रात्यक्षिक होतं. हा दुसरा अर्थ लोकांनी काढला. रेजीस खिडकीबाहेर गाई बघत बसला.

निष्कर्ष: लॉकचा खटका गरजेपेक्षा मोठा आहे. तेल घालावं लागेल.

बुधवार, २० नोव्हेंबर

बाबा तीन दिवस खोलीतच जेवतात. पोट बरं नाही म्हणतात. काय खातात ते ओडीलला माहीत. ती दार लावून घेते. नवा चाकू तेल घालून त्यांच्या उशाशी ठेवला. सकाळी जिथे ठेवला तिथेच होता. बहुधा हाताला सवय व्हायला वेळ लागेल.

त्यांनी जोझेटताईचा फोन नंबर मागितला, मोठ्या अक्षरात लिहून दे म्हणाले. तिचा वाढदिवस लक्षात राहिला याचं कौतुक वाटलं. दुपारी आठवलं, तिचा वाढदिवस जूनमध्ये असतो.

शनिवार, २३ नोव्हेंबर

वृद्धाश्रमाला नकाराचं पत्र तयार. तीन पानं, सोबत चाकूची आकृती आणि तक्ता. परवा स्वतः नेऊन देणार. ओडीलला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, दोन्ही हात कमरेवर दाबून. मग म्हणाली, यात बाबा कुठे आहेत? मी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं: तळहात, आठ पूर्णांक सहा.

रविवार, २४ नोव्हेंबर

पत्राचं काम उरलं नाही.

जोझेटताई आली ती कागद घेऊनच. बाबांची सही, गुरुवारची. मी गोठ्यांत असताना ती येऊन गेली होती. सही वाकडी आहे, पण त्यांचीच. मी म्हटलं, घरचा मुलगा मी, मला विचारायचं नाही? ती म्हणाली, तुला विचारलं की तू मोजायला लागतोस.

बाबांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. त्यांना समजावलं की चाकू कमी पडत असेल तर बदलू, पट्टी निघाली की पुन्हा बघू, अजून दोन कंपन्या पाहायच्या आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रोज पहाटे मला पलंगावरून कोण उचलतं, माहीत आहे?"

म्हटलं, ओडील कॉफी आणते.

"उचलते. एक्याऐंशी किलो. तिची पाठ गेली, फिर्मिन. मी तिला म्हटलं, त्याला हाक मार. म्हणाली, तो चाकूच्या कामात आहे."

मी मल्टीटूलवरचा हात काढला.

"रागावून नाही जात," बाबा म्हणाले. "रविवारचंही डोक्यात नाही. तू माझ्या हाताला चाकू शोधलास, चांगला शोधलास. पण मला भूक लागते रे. अख्खा तुकडा समोर येतो, सगळे बघत असतात, आणि मला भूक लागते."

 

सोमवार, २ डिसेंबर

सकाळी दहाला बाबांना पोहोचवलं. ओडील घरीच, डॉक्टरांनी तिला आठ दिवस पडून राहायला सांगितलं आहे. एक सूटकेस, एक रेडिओ, घरातली लोकरी चादर. दारातल्या बाईने नम्रपणे सांगितलं की धारदार काही आत नेता येत नाही. बाबांनी जुना चाकू काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो न मोजता खिशात घातला. माझं मल्टीटूलही तिने ठेवून घेतलं.

साडेअकराला जेवण. इतक्या लवकर कोण जेवतं, पण तिथे जेवतात. चौघांचं टेबल. शेजारी एक म्हातारा चीजवाला. तो आणि बाबा पाच मिनिटांत १९५६च्या बर्फावरून भांडायला लागले. ताटं आली. मांस बारीक कापलेलं, वर रस्सा, आणि चमचा. बाबा खाली मान घालून खायला लागले. थांबले नाहीत. वाढणाऱ्या मुलीने आणखी हवंय का विचारलं, तर बोलायच्या आधी ताट पुढे केलं. ते सगळं संपवलं. रस्सा पावाने पुसून घेतला.

सप्टेंबरनंतर त्यांना पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. म्हणजे, पाहिलंच नव्हतं.

मी निघायला उठलो तेव्हा त्या मुलीने मला बसवलं. पाहुण्याचंही जेवण आहे म्हणाली. स्वयंपाकघरात वेगवेगळं करत नाहीत, सगळ्यांचं एकच. माझ्यापुढे ताट आलं. सगळं बारीक कापलेलं. चमचा.

मी त्या ताटाकडे बघत बसलो. बाबांनी कोपराने ढोसलं.

"खा," म्हणाले. "गार होतंय."

खाल्लं.