गोमतीच्या पाटल्यांची पातेली

मी जगदेव सुपाजी खोडके, वय वर्षे एकसष्ट, राहणार मौजे रिठद, शरीराने थकलो आहे, डोक्याने नाही. मला कोणी पाजले नाही, कोणी धमकावले नाही. आयुष्यभर सभांतून ओरडलो. हे तरी शांतपणे लिहावे म्हटले, पण ते जमणार नाही. माझे हेच पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. स्वकष्टाने बांधलेले राहते घर माझी मुलगी ललिता हिला. पुतण्यांनी "लेक परक्या घरची" हे पालुपद लावू नये. मी अंथरुणाला खिळलो तेव्हा परके कोण झाले, ते मी पाहिले आहे.

२. पुस्तकेही तिलाच. मागणाऱ्याने आधी नेलेली परत आणावीत.

३. स्टेनलेस स्टीलची मोठी पातेली. यांचा इतिहास लिहिणे भाग आहे. पुतणीच्या लग्नात गावची पितळी भांडी आणली. ती दौलतसिंग पाटलांच्या ताब्यात असतात. कल्हई उडाली आहे, असे इस्माईल कल्हईवाल्याने बजावले. पाटील म्हणाले, "कल्हई कायले पाह्यजे? चिंचेनं घासा, सोन्यावाणी चमकते." आतून घासली, उरलीसुरली कल्हईही गेली. ताकाची कढी त्यात दुपार टळेपर्यंत राहिली. पुरुष ताजी जेवून ढेकर देत उठले. वाढणाऱ्या बाया रिवाजाप्रमाणे शेवटी बसल्या, तोवर कढीत पितळेचे विष उतरून ती कळकली होती. सगळ्या ओकून आडव्या झाल्या. माझी पत्नी गोमती उठली नाही.

तिच्या पाटल्या मोडून मी मुंबईहून ही पातेली गावाला द्यायला आणली. या पोलादात क्रोमियम असते. हवा लागताच त्यावर न दिसणारा पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी आपोआप पुन्हा धरतो. म्हणून ताक-चिंचेने ते कळकत नाही, कल्हई लागत नाही. डॉक्टरांची हत्यारे त्याचीच असतात. मीठ मात्र त्यात भिजत ठेवू नये, डाग पडतात. हे सारे मी पारावर समजावले. पाटील खूश झाले: "बेस झालं, भाऊ! आता बाया दिवस बुडता जेवल्या तरी भेव नाही."

लोक हसले. मी त्याच पावली पातेली घरी आणली. पितळेला दोष देऊन सुटू नका. गोमतीला तुमच्या पंगतीने मारले.

४. पातेली ललिताच्या ताब्यात राहतील. कोणत्याही जातीधर्माच्या लग्नाला फुकट द्यावीत. अट एकच: बाया पहिल्या पंगतीत बसतील. अट मोडल्यास ललिताने भर मांडवातून पातेले उचलून आणावे. आतल्या कढीचे काय करायचे ते पुरुषांनी पाहावे. माझी तेरवीही याच अटीवर, नाहीतर करू नये.

५. ओढ्याकाठचे वावर इस्माईलला. "जगदेवभाऊ, तुमचं भांडं घरोघरी गेलं तर माही भट्टी थंडी पडन," असे तो तोंडावर म्हणाला. खरे आहे. सुधारणेची किंमत एकट्या कल्हईवाल्याने का भरावी?

मौजे रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. ११ मार्च १९४६.
सही: जगदेव सुपाजी खोडके

साक्षीदार:
फुलचंद, किराणा दुकानदार. सही.

दौलतसिंग पाटील. वाचून ऐकवले. म्हणाले, "ते पंगतीचं कलम काढ, आत्ता सही मारतो." कलम काढले नाही. यांचे नाव खोडले.

चतुराबाई, दौलतसिंग पाटलांच्या पत्नी. "आना तो कागद इकडं. मी बी त्याच पंगतीत होती," असे म्हणून पतीसमोर डाव्या हाताचा अंगठा दिला.