निरोप्या चालत नाही

छोट्या,

टेबलावर चिलखतवाल्या सरदारांची लढाई पुन्हा मांडतोय, आपण मांडायचो तशी. दुकानदार नखाएवढे शिपाई गळ्यात मारत होता. मी अंगठ्याएवढेच घेतले, नाहीतर तुझे जुने तिरंदाज त्यांच्यापुढे राक्षस दिसले असते.

नियमांची पुस्तकं दोन होती. एकात पळालेली तुकडी सरळ डब्यात जाते. दुसऱ्यात ती परत येऊ शकते, पण सेनापतीने स्वतः जाऊन तिला बोलवावं लागतं. निरोप्या चालत नाही. मी दुसरं घेतलं.

आता खरं सांगतो. त्या दिवशी फासा टेबलाखाली पडला आणि मी "सहा!" म्हणून ओरडलो. पडले होते दोन. तू म्हणालास, "दादा, खोटं बोलतोयस." मी म्हणालो, "हरता येत नसेल तर चालता हो." तू झालास. त्याला नऊ वर्षं झाली. आईलाही मी सांगितलं, की छोट्या रडीचा डाव खेळला.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. नियम म्हणजे नियम. तुझं घर चार गल्ल्या सोडून आहे, आणि मी सकाळपासून बूट घालून बसलोय.

अजून खुर्चीतच असलेला,
दादा